पोर्शियाने न्याय केला, दया केली की शेंडी लावली?

तळ्यात_मळ्यात
नमस्कार मंडळी. आमच्या नाट्यवाचनाच्या गटाने यंदा शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा चौथा अंक घेतलाय. वाचन राहिलं बाजूला, भांडणंच जास्त चाललीत, म्हणून प्रकरण इथे आणतोय.

शाळेनंतर ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. अँटोनिओ हा व्हेनिसचा ख्रिस्ती व्यापारी. मित्र बसानिओसाठी तो शायलॉक या ज्यू सावकाराकडून ३००० डुकाट (सोन्याची नाणी) घेतो. मुदत तीन महिने, व्याज नाही, पण मुदत चुकली तर अंगाचं पौंडभर मांस, असा रोखा. जहाजं बुडाल्याची बातमी येते, मुदत उलटते. शायलॉक सुरी घेऊन व्हेनिसच्या प्रमुखापुढे, ड्यूकपुढे उभा. बसानिओची नवी नवरी पोर्शिया पुरुषवेशात कायदेपंडित बनून येते, दयेवर ते प्रसिद्ध भाषण करते, शायलॉक बधत नाही. मग ती म्हणते, घे मांस, पण रक्ताचा थेंब सांडलास तर खबरदार. रोख्यात रक्त लिहिलेलं नाही.

इथपर्यंत टाळ्या. माझं भांडण पुढच्या भागाशी आहे. पारडं फिरल्यावर ती आणखी एक कायदा काढते: परक्याने व्हेनिसच्या नागरिकाच्या जिवावर उठायचा प्रयत्न केला तर त्याची अर्धी मालमत्ता त्या नागरिकाला, अर्धी सरकारला, आणि जीव ड्यूकच्या मर्जीवर. ड्यूक जीव बख्शतो. अँटोनिओ म्हणतो, सरकारने आपला अर्धा सोडावा, दुसरा अर्धा मी सांभाळतो आणि शायलॉक मेल्यावर त्याची मुलगी पळवून नेणाऱ्या जावयाला देतो. अट अशी की शायलॉकने ख्रिस्ती व्हायचं आणि स्वतःकडचंही सगळं मृत्युपत्रासारखं त्याच दोघांच्या नावे करायचं. याला तिथले सगळे 'दया' म्हणतात!

प्रश्न दोन. एक, तुम्हाला हे काय वाटतं? दोन, शायलॉकचं शेवटचं वाक्य, 'मला बरं वाटत नाहीये, मला जाऊ द्या', हे कसं म्हणावं? रडून, चिडून की सपाट? गटात तीन माणसं, तीन शायलॉक झालेत.

खडूस_प्रेक्षक
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी भांडायला येतो.

निशिगंधा_७
आम्हाला आयसीएसईला होतं. दयेचं भाषण झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. परीक्षेत शायलॉकची बाजू लिहा असं आलं की सगळा वर्ग 'ज्यूला डोळे नसतात का' एवढं खरडून मोकळा. पण ते तिसऱ्या अंकात, रस्त्यावर, दोन टवाळांसमोर बोललेलं आहे. कोर्टात तो त्यातलं अक्षरही काढत नाही. असं का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

वकीलणबाई
धागाकर्त्यांनी 'न्यायाधीश पोर्शिया' लिहिलं नाही याबद्दल आभार. खटला ड्यूकपुढे आहे. ती पादुआच्या बेलारिओ नावाच्या पंडिताची शिफारस घेऊन आलेली जाणकार. निकाल मात्र जवळजवळ तीच देते, आणि प्रतिवादीच्या जिवलग मित्राची ती बायको! बसानिओ भर कोर्टात दुप्पट-तिप्पट रक्कम देऊ करतो ती कोणाच्या तिजोरीतली? हिच्याच. एवढा हितसंबंध लपवून आमच्यापैकी कोणी उभं राहिलं असतं तर सनद गेली असती. हिच्याकडे तर सनदच नाही.

आता रोख्याबद्दल. आपला करार कायदा १८७२ चा. कलम २३ सांगतं की कराराचा हेतू बेकायदा किंवा अनैतिक असेल तर तो करार रद्दबातल. कलम ७४ सांगतं की करार मोडल्याचा दंड काहीही लिहिलेला असो, कोर्ट वाजवी भरपाईच देईल. शायलॉकला त्याचे पैसे मिळाले असते आणि तो घरी गेला असता. रक्ताची कसरत करायची गरजच नव्हती.

गंमत अशी की त्याच १८७२ साली रुडॉल्फ फॉन येरिंग हा जर्मन कायदेपंडित जवळपास हेच म्हणत होता. रोखा अनैतिक म्हणून फेकायचा होता तर सुरुवातीलाच फेकायचा. एकदा तो वैध ठरवला, मांस काप म्हणून परवानगी दिली, की मग रक्त नको म्हणणं ही निव्वळ लबाडी आहे. त्याच्या मते त्या दिवशी शायलॉकबरोबर व्हेनिसचा कायदाच हरला. पुढे योझेफ कोहलरने त्याला उलट उत्तर दिलं: कारण लंगडं असलं तरी निकाल योग्य होता, आणि कायदा अनेकदा असाच लंगड्या कारणांच्या आडून पुढे सरकतो. वकिली केलेल्या कोणालाही कोहलरचं म्हणणं पटेल. आवडेल असं नाही.

सातारी_कंदी
कलम २३ वगैरे ठीक आहे हो बाई, पण आपल्याकडे पहिली तारीख लागेपर्यंत अँटोनिओ नैसर्गिक मरणाने गेला असता. मग वारसांना पार्टी करा.

खडूस_प्रेक्षक
आलो.

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. शायलॉकला करुण नायक करणं हे मुख्यतः नटांचं काम. १८१४ मध्ये एडमंड कीनने ड्रुरी लेनला आणि १८७९ मध्ये हेन्री अर्व्हिंगने लायसियमला त्याला जी उंची दिली, त्यानंतर सगळ्यांनाच तो बिचारा वाटायला लागला. संहिता उघडा जरा. माणूस कोर्टात बुटाच्या तळव्यावर सुरी परजतोय. समोर सहा हजार ठेवलेत, घेत नाही. कारण विचारलं तर म्हणतो, माझी मर्जी. माझ्या घरात उंदीर झाला आणि तो मारायला मी दहा हजार डुकाट उधळले तर तुमचं काय जातं? निशिगंधा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: त्याला कारण द्यायचंच नाहीये, कारण दिलं की त्यावर वाटाघाट होऊ शकते.

पोर्शिया त्याला म्हणते, निदान एखादा वैद्य तरी बोलावून ठेव, रक्त वाहून मरेल तो. हा विचारतो, रोख्यात तसं लिहिलंय का? अक्षरावर बोट ठेवून जो दुसऱ्याला मारायला निघाला त्याला अक्षरानेच पकडलं. यात शेंडी कुठे आली? आणि तिने त्याला सावरायची संधी तीनदा दिली. दयेचं भाषण, तिप्पट पैसे, वैद्य. तिन्ही वेळा त्याने स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं.

वकीलणबाई
खडूसराव, त्या तीन 'नाही'ना आमच्या भाषेत रेकॉर्ड तयार करणं म्हणतात. परक्यांविषयीच्या त्या कायद्याखाली पकडायचं तर जीव घेण्याचा इरादा सिद्ध व्हायला हवा. वैद्य नको म्हटल्यावर आणखी कुठला पुरावा हवा? ती एकाच प्रश्नात त्याला वाचायची वाटही देते आणि फासही आवळते. हुशार आहे बाई, माझ्याविरुद्ध नको एवढंच.

आणि तो कायदा फक्त परक्याला लागू आहे हे विसरू नका. शायलॉकचं सगळं कुटुंब त्याच शहरात, धंदा त्याच शहरात, त्याचे पैसे घेताना तो चालतो. कोर्टात पारडं फिरलं की तो 'परका'. हा कायदा पहिल्या मिनिटापासून पुस्तकात होता. म्हणजे शायलॉक आला तेव्हाच हरलेला होता, फक्त त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

डोंबिवली_फास्ट_नाही
पॉपकॉर्न.

मांडवीकाठ
ख्रिस्ती व्हायची अट त्या काळच्या प्रेक्षकांना खरोखर दयाच वाटली असणार, असं एका प्राध्यापकांनी आम्हाला शिकवलं होतं. बाप्तिस्मा घेतला नाही तर आत्मा नरकात जाणार अशी श्रद्धा, तेव्हा अँटोनिओ त्याचा आत्मा वाचवतोय. तर्क म्हणून मान्य. पण त्याच शतकात आमच्या गोव्यात काय चाललं होतं ते पाहा.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. वंशाने ज्यू, घराणं बळाने ख्रिस्ती केलेलं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारीनाला, छुपी ज्यू म्हणून जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून तीही जाळली. शेक्सपियर तेव्हा सोळा वर्षांचा होता.

शायलॉक 'मान्य' म्हणून बाहेर पडतो. पण धर्म बदलला म्हणून संशय संपत नाही, उलट आयुष्यभर कोणीतरी तुमच्या स्वयंपाकघरात डोकावत राहतं. व्हेनिस म्हणजे गोवा नव्हे, ठाऊक आहे. पण 'आत्मा वाचवला' म्हणणाऱ्यांनी ती हाडं आठवावीत.

सातारी_कंदी
ऑर्ताचं हे माहीत नव्हतं. सुन्न. आज विनोद बंद.

नवगाववाली
मी इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितेय. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले. घरी आई-आजी मराठीच बोलायच्या.

मला नेहमी नवल वाटतं ते हे, की मराठी माणसाच्या मनात ज्यू म्हटलं की सावकार येतच नाही. कोकणात आमची ओळख शनवार तेली. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद. कोणी वेशीबाहेर कोंडलं नाही, कोणी धर्म बदल म्हणालं नाही. शायलॉक मला भेटला तो मुंबईच्या शाळेत, इंग्रजीच्या पुस्तकात. वर्गात माझ्याकडे सगळे वळून बघायला लागले तेव्हा कळलं की हा माझा कोणीतरी लागतो म्हणे.

त्या सीनमध्ये मला टोचतं ते वेगळंच. पोर्शिया अशी बोलते जणू दया ही ज्यूला नव्याने समजावून सांगायची गोष्ट आहे. अहो, योम किप्पुरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दिवसभर उपास करून आम्ही दुसरं मागतो काय? मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, मशीद बंदरजवळचं, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं. त्याचं नाव शार हाराहमीम, दयेचं दार. तिचं ते दया पावसासारखी वरून झरते हे वाक्य अतिशय सुंदर आहे, मला आवडतं. पण दुष्काळातल्या पावसाच्या ढगासारखी दया, ही उपमा बेन सिराच्या पुस्तकातही आहे, आणि तो बेन सिरा यरुशलेमचा ज्यू होता.

तळ्यात_मळ्यात
नवगाववाली काकू, हे गटात वाचून दाखवलं तर चालेल का? नाव न घेता.

नवगाववाली
वाचा की. नाव घेतलंत तरी चालेल, इथलं नाव खोटंच आहे.

भीमथडीकर
उशिरा आलो. सगळे शायलॉकच्या बाजूने झुकताना दिसतात, तर दुसऱ्या टोकाकडून बोलतो. रोखा म्हणजे काय चीज असते ते आमच्या भागाला विचारा.

१२ मे १८७५, सुपे. बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले आणि पहिल्यांदा काय मागितलं? वह्या आणि रोखे. ते जाळले. पुणे-नगर जिल्ह्यांत लोण पसरलं, पण बहुतेक ठिकाणी माणसाला हात न लावता कागदाला काडी लावली. कारण इंग्रजी कोर्टात कागद म्हणजे ब्रह्मवाक्य. मूळ कर्ज किती, फेडलं किती, व्याजावर व्याज किती चढवलं, हे कोर्ट विचारायचंच नाही. सही किंवा अंगठा दिसला की हुकूमनामा. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं होतं, कुळाच्या भल्यासाठी म्हणून. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी जुनं मुद्दल-व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायला लागले. कुळाच्या सोयीचा कायदा कुळाच्याच मानेवर.

शेवटी १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला आणि कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार उकरायची मुभा मिळाली. मला तो खरा न्याय वाटतो. पोर्शियाने हेच करायला हवं होतं: रोख्याच्या आत शब्द शोधत बसण्याऐवजी रोख्याच्या मागे जायचं. 'थट्टेतला करार' म्हणून सही घेतली होती ना शायलॉकने? मग तिथेच धरायचा.

खडूस_प्रेक्षक
भीमथडीकर, या प्रतिसादासाठी एक दंडवत. मुद्दा माझ्या बाजूचा आहे म्हणून नव्हे. म्हणजे, थोडंसं म्हणूनही.

मांडवीकाठ
पण एक फरक, भीमथडीकर. सुप्याच्या सावकाराच्या पाठीशी कोर्ट होतं, मामलेदार होता, बेलिफ होता. व्हेनिसच्या ज्यूला सरकार धंद्याचा परवाना मुदतीचा देई आणि व्याजाचा दरही ठरवून देई. १५१६ पासून राहायला गेटो, म्हणजे ज्यूंची वेगळी वस्ती, रात्री दारं बंद, पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंनीच द्यायचा. शेक्सपियर गेटोचा उल्लेखही करत नाही ते सोडा. शायलॉकच्या हातात आयुष्यात एकदाच एक कागद असा आला ज्याच्यापुढे ड्यूकलाही गप्प बसावं लागलं. म्हणून तो पैसे घेत नाही. पैसे घेतले की तो पुन्हा अँटोनिओने थुंकावा असा माणूस.

भीमथडीकर
हे मान्य. पण त्या एका कागदासाठी दुसऱ्याचं काळीज कापू देणार का?

मांडवीकाठ
नाही देणार. पण सुरी काढून घेतल्यावर थांबलो असतो.

निशिगंधा_७
मांडवीकाठ +१. आणि गुलामांचा मुद्दा कोणीच काढला नाही! ड्यूक म्हणतो, तू दया दाखवली नाहीस तर तुला कोण दाखवणार? शायलॉक उत्तर देतो: तुमच्या घरी विकत घेतलेले गुलाम आहेत, गाढवा-कुत्र्यांसारखे राबवता. मी म्हटलं सोडा त्यांना, तुमच्या वारसांशी लग्नं लावा, तर म्हणाल, ते आमच्या मालकीचे आहेत. हे मांसही मी विकत घेतलंय. या युक्तिवादाला दरबारात कोणीही उत्तर देत नाही. ड्यूक विषय बदलतो आणि बेलारिओची वाट पाहायला लागतो. माझ्या मते सगळ्या सीनमधलं सर्वात धारदार हत्यार सुरी नसून हे आहे.

सातारी_कंदी
विनोद बंद म्हटलं होतं पण राहवत नाही. शेक्सपियरच्या वडिलांवर १५७० मध्ये बेकायदा व्याज घेतल्याचा आरोप होता, आणि खुद्द शेक्सपियरने १६०८ मध्ये जॉन ॲडनब्रुक नावाच्या माणसावर सहा पौंडांच्या वसुलीचा दावा लावला होता. तेव्हा 'दया सक्तीने येत नाही' हे लिहिणारा वसुलीला गेला की वेगळाच माणूस असणार. ॲडनब्रुकचं मांस वाचलं एवढं समाधान.

डोंबिवली_फास्ट_नाही
ख्याक्! अवांतर: बसानिओ कोर्टात म्हणतो, अँटोनिओला वाचवायला मी बायकोसुद्धा द्यायला तयार आहे. बायको शेजारी उभी, वेश बदलून. शायलॉक पुटपुटतो, हे बघा ख्रिस्ती नवरे! अख्ख्या दरबारातल्या पुरुषांत बायकांच्या बाजूने बोलणारा तो एकटाच. आमच्या हिने हा सीन पाहिल्यापासून ती शायलॉकच्या पक्षात आहे.

वकीलणबाई
आता मूळ प्रश्न क्र. २ कडे, कारण धागाकर्ते बिचारे वाट बघत असतील.

रडू नका. त्या वाक्याचा उत्तरार्ध सगळे नट घाईत गिळतात: कागद मागून पाठवून द्या, मी सही करतो. हा आयुष्यभर कागदांवर जगलेला माणूस, आणि त्याचं रंगमंचावरचं शेवटचं वाक्य सहीबद्दलचं आहे. ते दुकान बंद करताना गुमास्त्याला सांगावं तसं म्हटलं तर अंगावर येईल. तो पाचव्या अंकात परत येत नाही, कोणी त्याची चौकशीही करत नाही. तिकडे चांदणं, संगीत आणि अंगठ्यांची थट्टा.

आणि एक व्यावसायिक शेरा: ड्यूकने 'मान्य केलं नाहीस तर माफी मागे घेतो' असं बजावून घेतलेली ती सही आहे. धाकाखाली घेतलेली संमती. आपल्या कलम १५ आणि १९ खाली असा करार रद्द करून मागता येतो. शायलॉकचं वकीलपत्र मी फुकट घेईन.

मांडवीकाठ
तुमच्या आधी एकीने घेतलंय, तेही न्यायाधीश म्हणून. २०१६ मध्ये गेटोला ५०० वर्षं झाली तेव्हा व्हेनिसमध्ये शायलॉकचं अपील लटक्या कोर्टात चालवलं होतं. अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या रूथ बेडर गिन्सबर्ग. निकाल: मांसाची अट अंमलात आणता येणार नाही, पण मालमत्ता परत, धर्मांतर रद्द, तीन हजार डुकाट परत, व्याज मात्र नाही. आणि पोर्शियाला शिक्षा? पादुआला जाऊन रीतसर कायदा शिकायचा!

वकीलणबाई
झालं. माझी केस गेली. शिक्षा मात्र अगदी योग्य.

खडूस_प्रेक्षक
धर्मांतर रद्द करायला माझीही हरकत नाही, नोंद घ्यावी. पण बसानिओच्या त्या मित्राला, ग्रॅशियानोला, काहीच शिक्षा नाही? सगळा सीन तो मागे उभा राहून फाशी फाशी ओरडतोय. हल्लीच्या टीव्हीवरच्या चर्चेत सहज खपेल.

तळ्यात_मळ्यात
सगळ्यांचे आभार. काल सपाट म्हणून पाहिलं, सहीवर किंचित थांबून. 'रडणारा' शायलॉक रुसलाय, त्याला ग्रॅशियानो दिलाय. गुलामांचा उतारा आम्ही वेळेअभावी कापला होता, तो परत घेतोय. निशिगंधा, तुमच्यामुळे कार्यक्रम लांबणार.

डोंबिवली_फास्ट_नाही
जाता जाता एक शंका. शेवटी पोर्शिया अँटोनिओला पत्र देते की तुझी तीन जहाजं सुखरूप बंदराला लागली, आणि वर म्हणते, हे पत्र मला कसं मिळालं ते विचारू नकोस. ते तिला मिळालं कधी? खटल्याच्या आधी मिळालं असेल तर?

वकीलणबाई
अरे देवा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खडूस_प्रेक्षक
वेगळा धागा काढा. रुमाल आत्ताच टाकतो.